नॉमिनीच हयात नसेल तर विम्याचे पैसे कोणाला मिळतात? क्लेम कसा करायचा, कागद काय काय लागतात

पॉलिसी काढताना नॉमिनी म्हणून बायकोचं नाव टाकलं, वर्षानुवर्षं हप्ते भरले, मधे बायको वारली आणि नॉमिनी बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, असं कितीतरी घरांत होतं. मग एक दिवस पॉलिसीधारकही जातो आणि मुलं पॉलिसीचा बाँड हातात घेऊन विचारतात, यावर तर आईचं नाव आहे, आता पैसे बुडाले का? अजिबात बुडत नाहीत. नॉमिनी नाही म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फक्त पैसे नेमके कोणाच्या हातात द्यायचे हे आता वारसांना कागदांनी दाखवावं लागतं, त्यात वेळ जातो एवढंच.

हे सगळं विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ मध्ये आहे. नॉमिनी किंवा एकापेक्षा जास्त असतील तर सगळेच नॉमिनी पैसे देय व्हायच्या आधी वारले, तर रक्कम पॉलिसीधारकाला, आणि तोही नसेल तर त्याच्या वारसांना, कायदेशीर प्रतिनिधींना किंवा ज्याच्याकडे कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट (म्हणजे मयताचे पैसे घ्यायचा अधिकार देणारा वारसा दाखला) आहे त्याला मिळते. दोन नॉमिनी होते आणि त्यातला एकच गेला असेल तर प्रश्नच नाही, जो हयात आहे त्याला पैसे मिळतात, नेहमीसारखा क्लेम टाकायचा.

इथे 'त्याच्या वारसांना' म्हणजे पॉलिसीधारकाच्या वारसांना, नॉमिनीच्या नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समजा एकाने भावाला नॉमिनी केलं होतं आणि भाऊ आधी गेला, तर भावाच्या मुलाला वाटतं की बाबांचं नाव होतं म्हणजे आता माझा हक्क. तसं नसतं. पॉलिसीधारकाची बायको-मुलं असतील तर पैसे त्यांचेच.

पण क्रम उलटा झाला तर उत्तर बदलतं. आधी पॉलिसीधारक गेला आणि क्लेमचे पैसे हातात यायच्या आधी नॉमिनीही गेला, तर? विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा किंवा बायको आणि मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर त्याला त्या रकमेचा लाभार्थी धरतात, म्हणून तो असा मधेच गेला तर त्याचा वाटा त्याच्या स्वतःच्या वारसांकडे जातो. नॉमिनी या यादीतला नसेल, म्हणजे भाऊ, पुतण्या, मित्र वगैरे, तर तो फक्त पैसे स्वीकारणारा, मालक नाही. सुप्रीम कोर्टाने सर्बती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात १९८३ मध्ये हेच सांगितलं होतं, त्यामुळे अशा वेळी मूळ पॉलिसीधारकाचे वारसच येतात. (घरच्या नॉमिनीचा हक्क इतर वारसांच्या वर आहे का यावर आजही कोर्टात वाद होतात, त्यामुळे घरात भांडण असेल तर वकील गाठाच.)

म्हणून दोन्ही मृत्यू दाखल्यांवरच्या तारखा आधी शेजारी ठेवून बघा. नवरा-बायको एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं हे कळायला मार्गच नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम २१ लागतं, दुसरं काही सिद्ध होत नाही तोवर वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं धरतात. अशा वेळी जन्मतारखेचा पुरावाही महत्त्वाचा ठरतो, आणि हॉस्पिटलच्या कागदांवर वेळ लिहिलेली असेल तर तो कागद जपून ठेवा, कारण वेळ सिद्ध झाली की वयाचा नियम लागतच नाही.

आता वारस कोण. मृत्युपत्र असेल तर आधी ते बघायचं. नसेल तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख पुरुषाच्या बाबतीत पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. लग्न झालेल्या मुलीचाही तेवढाच, यात कोणी काही सांगितलं तरी ऐकू नका. मुलगा आधीच वारला असेल तर त्याच्या वाट्याला येणारा भाग त्याच्या विधवेकडे आणि मुलांकडे जातो, मुलगी वारली असेल तर तिचा भाग तिच्या मुलांकडे. उदाहरण घ्या, वडील गेले, आई म्हणजे नॉमिनी आधीच गेलेली, मागे एक मुलगा, एक मुलगी, वारलेल्या दुसऱ्या मुलाची बायको आणि तिचा एक मुलगा, शिवाय आजी म्हणजे पॉलिसीधारकाची आई हयात. तर चार वाटे होतात, मुलगा, मुलगी, आजी प्रत्येकी एक आणि चौथा सुनेत आणि नातवात अर्धा अर्धा. आजीला बरेच जण विसरतात आणि मग क्लेम अडकतो. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, हे ऐकून लोकांना धक्का बसतो, पण बायको-मुलं मागे नसलेल्या माणसाचे आईवडील दोघंही हयात असतील तर सगळं आईला मिळतं. बाईच्या नावची पॉलिसी असेल तर क्रम वेगळा, आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर साधारणपणे नवऱ्याचे वारस आणि त्यानंतर तिचे आईवडील. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा पर्सनल लॉ, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो.

क्लेम टाकायच्या आधी बाँड नीट वाचा. पॉलिसी बँकेकडे कर्जासाठी असाइन केली, म्हणजे तिचा हक्क बँकेच्या नावे केला असेल तर बँकेची बाकी आधी जाते आणि उरलेलं वारसांना. विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली काढलेली असेल तर ती ट्रस्टसारखी असते, म्हणजे पैसे बायको-मुलांसाठीच राखलेले असतात, तिथे हा नॉमिनीचा हिशोब लागत नाही.

कागद म्हणाल तर मूळ बाँड, पॉलिसीधारकाचा आणि नॉमिनीचा असे दोन्ही मृत्यू दाखले (दुसरा लोक घरीच ठेवून येतात आणि परत हेलपाटा होतो), सगळ्या वारसांचं आधार, पॅन, फोटो, नातं दाखवणारा पुरावा, कॅन्सल चेक किंवा पासबुकाची झेरॉक्स आणि क्लेमचा फॉर्म. एलआयसीत हा फॉर्म ३७८३ नंबरचा असतो, आणि पॉलिसी घेऊन तीन वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला असेल तर डॉक्टर, हॉस्पिटल, नोकरीचं ठिकाण यांचेही फॉर्म मागतात. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट. नावातला फरक आधीच तपासा, बाँडवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असेल तर तेवढ्यासाठी वेगळं अ‍ॅफिडेव्हिट करावं लागतं.

यात मुख्य कागद म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. मयत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या कोर्टात अर्ज करायचा, त्यात सगळ्या वारसांची नावं, पॉलिसी नंबर, रक्कम सगळं द्यायचं, मग वारसांना नोटीस जाते, पेपरात जाहिरात येते, कोणी हरकत घेतली नाही तर कोर्ट सर्टिफिकेट देतं. कोर्ट फी रकमेवर बसते आणि यात काही महिने सहज जातात. मयताच्या एफडी, शेअर्स असतील तर तेही याच अर्जात घाला, नाहीतर तेवढ्यासाठी परत कोर्टात जावं लागतं. सर्टिफिकेट एकाच भावाच्या नावावर निघालं तरी पैसे एकट्याचे होत नाहीत हं, तो बाकीच्यांना त्यांचा वाटा द्यायला बांधील असतो.

पण कोर्टात धावायच्या आधी ब्रँचमध्ये एक गोष्ट नक्की विचारा. रक्कम फार मोठी नसेल आणि वारसांत वाद नसेल तर कंपन्या बऱ्याचदा सर्टिफिकेटशिवायही क्लेम देतात, सगळ्या वारसांचं अ‍ॅफिडेव्हिट, बाकीच्यांचं ना-हरकत, स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड (नंतर कोणी हक्क सांगितला तर भरपाई आम्ही देऊ असं हमीपत्र) आणि जामीनदार घेऊन. मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून तोंडी 'कोर्टातून आणा' सांगितलं तर ते लेखी मागा. माझं स्पष्ट मत आहे की भावंडांनी एकत्र जाऊन एकाच वेळी सह्या कराव्यात, एकाची सही राहिली की सगळ्यांची फाइल पडून राहते.

सगळे कागद दिले की पोच घ्या, तारखेसकट. आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२४ च्या नियमांनुसार चौकशीची गरज नसलेला मृत्यू क्लेम १५ दिवसांत आणि चौकशी असेल तर ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो, उशीर केला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) वर २ टक्के व्याज द्यावं लागतं. कंपनी टाळाटाळ करत असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. मात्र वारसांमधलं भांडण लोकपाल सोडवत नाही, ते कोर्टातच जातं.

आणि जुना बाँड आत्ता कपाटात सापडला असेल तरी सोडून देऊ नका. दहा वर्षं कोणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण तिथे गेल्यावरही २५ वर्षांपर्यंत हक्क सांगता येतो आणि अर्ज विमा कंपनीकडेच करायचा असतो. कंपन्यांच्या वेबसाइटवर अशा रकमा शोधायची सोय असते, त्यात पॉलिसीधारकाचं नाव, जन्मतारीख, पॅन किंवा पॉलिसी नंबर टाकून बघा.