शटर आत की बाहेर? जर्मन घरांतल्या एका पेटीची पार्श्वभूमी

जर्मनीत जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबात शटरची चर्चा निघाली की अर्धा वेळ शब्दावरच जातो. आपल्याला शटर म्हटलं की दुकान दिसतं, रात्री खडखडत खाली येणारं. इथलं ‘रोललाडन’ घराच्या खिडकीवर असतं: आडव्या पट्ट्यांचं, वरच्या पेटीत गुंडाळलं जाणारं शटर. यातल्या ‘लाडन’चा मूळ अर्थ फळी. तीच फळी खिडकीला लागली, आणि व्यापारी तीच बाहेरच्या बाजूला आडवी पाडून तिच्यावर माल मांडू लागले, तेव्हा दुकानालाही ‘लाडन’ हेच नाव पडलं. म्हणजे आपल्याला शटरवरून दुकान आठवतं आणि त्यांच्या दुकानाचं नावच फळीवरून आलं. १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेपासून जर्मनमध्ये ‘रोललाडन’ लिहिताना तीन ‘एल’ ओळीने येतात, ही आणखी एक गंमत.

खरा घोळ ‘रोलो’ने होतो. रोलो म्हणजे आतून लावायचा, गुंडाळला जाणारा कापडी पडदा, आपला रोलर ब्लाइंड. ‘आतलं शटर स्वस्तात पडतं’ असं कुणी सांगतं तेव्हा बहुतेक वेळा तो रोलोबद्दल बोलत असतो. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. २००३च्या जर्मन मानकात हे आकड्यांत दिलं होतं: पडदा किंवा शटर नसलेल्या काचेतून येणारी उन्हाची उष्णता १ धरली, तर बाहेरचं शटर असताना ०.३ आत येते, आतला पडदा असताना ०.७५ ते ०.९. डोळ्यांवर येणारी तिरीप अडवायला रोलो चांगला. उकाड्यासाठी माझ्या मते त्यावर पैसे घालू नयेत.

मग खऱ्या शटरच्या बाबतीत ‘आत की बाहेर’ हा वाद कशाचा? शटरच्या पट्ट्या दोन्ही प्रकारांत बाहेरच उतरतात. वाद आहे तो त्या गुंडाळून ठेवायच्या पेटीचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर घरं उठली, तेव्हा ही पेटी खिडकीच्या वर थेट भिंतीत बसवली जाई. दुरुस्तीची झडप खोलीत उघडे आणि ओढायचा पट्टा भिंतीतल्या फटीतून आत येई. दिसायला नीटनेटकं, बाहेरून काही कळतही नाही. पण त्या जागी भिंत म्हणजे एक पोकळ खोका. अशा घरात जानेवारीत पट्ट्याच्या फटीजवळ मेणबत्ती धरून पाहावी, ज्योत आडवी होते. पेटीशेजारचा कोपरा थंड राहतो, ओल धरतो आणि पुढे तिथे काळी बुरशी येते. घर तापवायचं तेल स्वस्त होतं तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर हिशेब फिरला आणि १९७७मध्ये घरांच्या उष्णतारोधनाचे पहिले देशव्यापी नियम लागू झाले. तेव्हापासून भिंतीतली पेटी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

पुढे पेटी भिंतीबाहेर, खिडकीच्या पुढ्यात आली. यात भिंतीला भोक पडत नाही, मोटर असेल तर फक्त वायर जाते. किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते: पेटी खिडकीच्या खाचेत बसवली तर १४ ते १८ सें.मी. काच झाकली जाते, आणि बुटक्या खिडकीत ते चांगलंच जाणवतं. जुनी पेटी ठेवून तिच्यातच रोधक थर कोंबणं हा मधला मार्ग. पण गुंडाळी फिरायला जागा लागते, त्यामुळे थर पातळच बसतो. भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर लावायचाच असेल, तर जुनी पेटी बंद करून नवी पुढे घ्यावी, हेच मला पटतं.

फ्लॅटमध्ये मात्र निर्णय एकट्याचा नाही. दर्शनी भिंत सगळ्यांच्या मालकीची, त्यामुळे इतर मालकांचा ठराव लागतो. १ डिसेंबर २०२०पासून काही बदलांना, उदाहरणार्थ गाडीच्या चार्जिंगला किंवा घरफोडीपासून संरक्षणाला, तत्त्वतः नकार देता येत नाही. २०२४मध्ये बाल्कनीतली सौर पॅनेलंही त्या यादीत आली. उन्हापासून संरक्षण मात्र नाही, आणि तेही २५ जुलै २०१९ला देशात ४१.२ अंशांची नोंद झाल्यानंतर. साहजिकच शटरचा अर्ज घरफोडीच्या नावाखाली करावा असं कुणालाही सुचेल. पण साध्या प्लास्टिकच्या पट्ट्या खालून हाताने वर सरकवता येतात, हे बैठकीतल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं.