टोकाईची गोड वाइन योगायोगाने जन्मली नाही

हंगेरीतल्या टोकाईच्या ‘आसू’ या गोड वाइनची जन्मकथा वर्षानुवर्षं अशी सांगितली जाते: १६३० च्या सुमारास तुर्कांच्या स्वारीच्या भीतीने तोडणी लांबली, द्राक्षं वेलीवरच सुकली आणि सेप्सी लाचको माते या धर्मोपदेशकाने त्यांतून पहिली आसू बनवली. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. आसूची नोंद १५७१ च्या दस्तऐवजात सापडते, म्हणजे लाचकोच्या जन्माच्याही आधी. १५९० मध्ये छापलेल्या एका लॅटिन-हंगेरियन शब्दसंग्रहातही ती आहे.

मला या दंतकथेचं वाईट वाटतं, कारण तिच्यात माणसांचं कसब झाकलं जातं. बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या संगमावर शरदातल्या सकाळी दाट धुकं धरतं, त्यात बोट्रायटिस ही बुरशी वाढते. ती द्राक्षाच्या मण्याची साल पोखरते, दुपारच्या उन्हात मण्यातलं पाणी उडतं. गोडवा तिथून येतो, वरून घातलेल्या साखरेतून नव्हे. मणी बेदाण्यासारखा सुरकुततो, वर करडी लव येते. अनोळखी माणूस तो सडका म्हणून फेकून देईल. तिथले मजूर मात्र त्याच घडातून नेमका तोच मणी वेचतात, एकेक करून, हाताने.