विद्युतरोधक तपासणी व सफाई यंत्रमानव

उच्चदाब वाहिनी चालू असतानाच विद्युतरोधकांच्या (इन्सुलेटर) माळेवरून सरकत एकेक तबकडी तपासणारे व पुसणारे यंत्र. दक्षिण कोरियात ३४५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांसाठी असे यंत्रमानव विकसित झाले आहेत.

तबकड्यांवर मीठ, सिमेंट, राख साचते. कोरडी असेपर्यंत ती फारशी उपद्रवी नसते. दव किंवा धुक्याने ती भिजली की क्षार विरघळून पृष्ठभागावरून गळतीप्रवाह वाहू लागतो. त्याच्या उष्णतेने काही पट्टे सुकतात, विद्युतदाब (व्होल्टेज) त्या पट्ट्यांवर एकवटतो, ठिणग्या उडतात आणि त्या जोडल्या गेल्या की सबंध माळेवरून चाप (विजेचा अखंड झोत) पेटून वाहिनी बंद पडते.

सफाईपेक्षा तपासणी अधिक मोलाची. कडक काचेची तबकडी बिघडली की तिचे चक्र फुटून गळते, जमिनीवरूनही दिसते. चिनीमातीची मात्र वरच्या धातूच्या टोपीच्या आत भेगाळूनही बाहेरून धड दिसते. पुढे चाप पेटला तर प्रवाह या भेगेतून जातो, टोपी फुटते आणि तार खाली येऊ शकते.

लाइनमन यंत्र मनोऱ्याकडच्या टोकाला बसवतात. तिथून ते तबकडीमागून तबकडी तारेकडे जाते. दोन शोधकाग्रे तबकडीच्या टोपीला व खालच्या धातूच्या पिनेला टेकवून तिच्यावरचा दाब मोजला जातो. दाब सर्वांवर सारखा नसतो: तारेजवळच्या तबकडीवर सर्वाधिक, मधल्यांवर कमी. म्हणून मधला कमी आकडा म्हणजे बिघाडच, असे धरू नये, रोधही (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) मोजावा. ओलसर मळामुळे चांगल्या तबकडीचा रोधही कमी दिसतो, त्यामुळे मोजणी कोरड्या हवेतच करावी.

यंत्राचा धातूचा सांगाडा स्वतःच काही तबकड्या लघुपथित (शॉर्ट) करतो. माळेत आधीच बाद तबकड्या असतील तर उरलेल्यांवर दाब न झेपण्याइतका वाढतो. म्हणून किती बाद तबकड्यांपर्यंत यंत्र चढवायचे, ही मर्यादा आधी ठरवावी लागते. वाटेत ती ओलांडली तर यंत्र थांबवून मागे आणतात. इलेक्ट्रॉनिक भाग धातूच्या बंद पेटीत ठेवतात, नाहीतर ठिणग्यांनी संदेश बिघडतो.

सफाईसाठी फिरते ब्रश वापरतात. पाणी लागत नाही, त्यामुळे ओघळातून चाप पेटण्याचा धोका टळतो. तबकडीची खालची, खाचांची बाजू हा खरा कसोटीचा भाग: पावसाने ती धुतली जात नाही आणि ब्रशचे केसही खाचेच्या तळाशी सहज पोहोचत नाहीत. सिमेंटचा घट्ट बसलेला थर कोरड्या ब्रशने निघत नाही. सिलिकॉन रबराच्या रोधकांवर असे यंत्र चालवू नये. त्यांच्या मऊ पाकळ्या फाटतात.