चुन्याच्या गाड्या आणि वेल्सचे दंडाधिकारी

वेल्समधल्या ‘रिबेका दंगलीं’विषयी वाचणाऱ्यांच्या लक्षात राहतात ते बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळे फासून रात्री टोलनाके फोडणारे शेतकरी. १८३९ ते १८४३ या काळात नैर्ऋत्य वेल्समध्ये हे खरोखर घडले. परंतु तो अडाणी जमावाचा निव्वळ उन्माद होता, ही समजूत चुकीची आहे. दारिद्र्य, जमिनीचा खंड आणि चर्चचा कर यांबरोबरच त्या रागाचे एक मूळ तिथल्या मातीच्या रसायनशास्त्रात आहे.

त्या भागात पाऊस भरपूर पडतो. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सौम्य आम्ल बनते. त्यातले हायड्रोजन आयन मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांची जागा बळकावतात आणि सुटलेले आयन पाण्याबरोबर वाहून जातात. मातीचा सामू (पीएच) असा घसरत साधारण ५.५ च्या खाली गेला, की खनिजांत बंदिस्त असलेले ॲल्युमिनियम विद्राव्य होऊन मुळांची वाढ खुंटवते आणि फॉस्फरसही पिकाच्या हाती लागू देत नाही. यावर उपाय म्हणजे चुना. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की १०० किलो शुद्ध दगडातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्याने विरून आपोआप भुकटी होतो, त्यामुळे दगड दळावा लागत नाही. शेतात हा चुना आम्ल उदासीन करतो आणि ॲल्युमिनियमचा अविद्राव्य हायड्रॉक्साइड बनवतो. मात्र चुना हे खत नव्हे. माती न तपासता प्रत्येक शेतात ‘जमीन सुधारक’ टाकायला सांगणाऱ्या आजच्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

चुनखडीचे पट्टे मोजके असल्याने उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या गाड्या भट्ट्यांकडे दूरवर जात आणि वाटेतल्या नाक्यांवर टोल भरत. एव्हैलवेन या गावचा नवा नाका याच वाहतुकीच्या वाटेवर उभारला गेला आणि १३ मे १८३९ च्या रात्री फुटला. व्यवस्था राखणारे दंडाधिकारी स्थानिक जमीनदार होते आणि त्यांतले अनेकजण टोल आकारणाऱ्या विश्वस्त मंडळांवरही होते, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणावर शेतकऱ्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा? दंडाधिकाऱ्यांनी शपथ देऊन नेमलेल्या विशेष शिपायांना जमावाने पिटाळले. १८४३ मध्ये लष्कर आले, तरी गुप्तवार्तेशिवाय घोडदळ चुकीच्या नाक्यावर पोहोचत राहिले.

६ सप्टेंबर १८४३ रोजी पाँटार्डुलेस येथे मात्र आगाऊ खबर मिळाली. ग्लॅमॉर्गनचे पोलीस प्रमुख चार्ल्स नेपियर यांच्याबरोबर दबा धरून बसलेल्यांत जॉन डिल्विन लुएलिन हे दंडाधिकारीही होते. छायाचित्रणाच्या आरंभीच्या प्रयोगकर्त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. गोळीबार झाला आणि जखमी म्होरक्या जॉन ह्यूज याला पुढे २० वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. तीनच दिवसांनी हेंडी येथे सारा विल्यम्स ही वृद्ध नाकेदारीण मारली गेली. तिच्या शरीरात छरे सापडले, तरीही ज्यूरीने मृत्यूचे कारण अज्ञात ठरवले. साक्षीदारांची आणि ज्यूरीची तोंडे दहशतीने बंद झाली, की दंडाधिकाऱ्याच्या हाती काही उरत नाही, आणि ही दहशत शेतकऱ्यांच्या रास्त तक्रारीइतकीच खरी होती.

त्यानंतर सरकारी चौकशी आयोग नेमला गेला. १८४४ च्या कायद्याने विखुरलेली विश्वस्त मंडळे एकत्र करून रस्ते जिल्हावार मंडळांकडे सोपवले आणि चुन्यावरचा टोल निम्मा केला.