प्रीमियम सिगार आणि मशिनची सिगार: फरक नेमका कुठे असतो?

दोन्ही तपकिरी, दोन्हींना छापील कागदाचा पट्टा, दोन्हींचं एक टोक बंद. किंमत न सांगता समोर ठेवल्या तर नवखा माणूस बहुधा मशिनवर बनलेली सिगारच उचलेल, कारण ती जास्त गुळगुळीत आणि एकसारखी दिसते. हातानं वळलेल्या सिगारच्या अंगावर पानाच्या शिरा दिसतात, रंग कुठे थोडा गडद तर कुठे फिका असतो. त्यामुळे रूपावरून निकाल लावायला जाऊ नये. सिगार लांबीतून उभी चिरावी आणि आत काय भरलंय ते पाहावं.

कुठलीही सिगार तीन थरांची असते. आतला भरणा म्हणजे फिलर, त्याला आवळून धरतो तो बाइंडर आणि सगळ्यात वर दिसतं ते रॅपर. चिरलेल्या प्रीमियम सिगारमध्ये फिलरची पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड सापडतात. मधली जाड शीर काढून टाकलेली, लांबीत दुमडलेली, पण पान म्हणून ओळखू येणारी. हलक्या हातानं सोडवली तर एकेक पान वेगळं करता येतं. मशिनची नेहमीची सिगार चिरली की कागदावर चुरा सांडतो: पानांचे कातरलेले तुकडे, आणि बहुतेकदा मोठ्या पानांची छाटणी करून उरलेला माल. पहिल्या प्रकाराला लाँग फिलर म्हणतात, दुसऱ्याला शॉर्ट फिलर.

हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. अखंड पानांच्या घड्यांमधून हवेला सरळ वाट मिळते, त्यामुळे सिगार सावकाश आणि त्या मानानं थंड जळते, आणि राखही एकत्र धरून राहते. तुकड्यांचा भरणा भराभर आणि गरम जळतो, राख लवकर झडते आणि टोक कापलं की कण तोंडात येतात.

बाइंडरकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते मात्र खरी पारख तिथंच होते. प्रीमियम सिगारमध्ये तेही तंबाखूचं खरं पान असतं. रॅपरइतकं देखणं नाही, पण मजबूत आणि नीट जळणारं. मशिनच्या स्वस्त सिगारमध्ये त्या जागी बहुधा तंबाखूचा 'कागद' असतो. तंबाखूची भुकटी, देठ आणि शिरा दळायच्या, त्यात पाणी, डिंक आणि वनस्पतीचे तंतू मिसळायचे, लगदा पातळ पसरून वाळवायचा आणि त्याची लांबच लांब गुंडाळी करायची. कारखान्यानं हा उपद्व्याप निव्वळ कंजूषपणानं केला असं नाही. खरं पान कुठे जाड, कुठे पातळ, कुठे फाटकं असतं आणि वेगानं धावणाऱ्या मशिनवर ते वारंवार तुटतं. गुंडाळीची जाडी सगळीकडे सारखी, ताणही सारखा, म्हणून मशीन थांबत नाही. अगदी स्वस्त मालात रॅपरसुद्धा असल्याच कागदाचं असतं. शिरांचा मागमूस नाही आणि रंग सगळीकडे एकच, असं दिसलं की शंका घ्यायला हरकत नाही.

आता हाताच्या कामाकडे. वळणारा कारागीर, स्पॅनिशमध्ये तोर्सेदोर, याच्या पुढ्यात एक लाकडी फळी, अर्धचंद्राच्या आकाराचं पातं (त्याला चावेता म्हणतात) आणि वनस्पतिजन्य डिंकाची छोटी वाटी, एवढंच सामान असतं. तो फिलरची पानं तळहातात एकावर एक घेतो. काही ठिकाणी प्रत्येक पान वेगळं नळीसारखं वळून मग सगळ्या नळ्या एकत्र धरतात. हे काम संथ चालतं, पण धुराला वाट चांगली मिळते. काही ठिकाणी पानं पुस्तकासारखी एकावर एक ठेवून एकदम गुंडाळतात. ते लवकर होतं. मग त्यावर बाइंडर चढवून तो गठ्ठा साच्यात दाबून ठेवायचा. साच्याच्या कडेची रेघ एकाच जागी उमटू नये म्हणून मधेच गठ्ठा फिरवायचा. शेवटी रॅपर तिरकं कापून, ताणून, टोकाकडे गुंडाळत न्यायचं आणि पानाच्याच छोट्या चकतीनं डोकं बंद करायचं.

इथं हाताची गरज का, तर पानं एकसारखी नसतात. तंबाखूच्या झाडाची खालची पानं, व्होलादो, सौम्य असतात आणि चांगली जळतात. मधली सेको सुगंधासाठी घेतात. वरची लिगेरो ऊन जास्त खातात, म्हणून जाड आणि कडक असतात, सावकाश जळतात. लिगेरो मधोमध ठेवावी लागते. कडेला सरकली की सिगार एका बाजूनं पेटत जाते आणि दुसरी बाजू मागे राहते. कुठलं पान किती ओलसर आहे आणि कुठे पोकळी राहते आहे, हे कारागीर बोटांनी जोखतो. चुऱ्याचं सगळं मिश्रण एकजीव असल्यानं मशिनला ही उठाठेव करावी लागत नाही.

आणि वळण्याच्या आधी आंबवणं असतं. वाळवलेली पानं दमट करून मोठ्या ढिगात रचतात. ढीग गवताच्या ओल्या गंजीसारखा आतून तापतो आणि त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो. तापमान ठरावीक अंशावर गेलं की ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत घेऊन पुन्हा रचायचा. हे महिनोन् महिने चालतं आणि जाड पानांना जास्त वेळ लागतो. मशिनच्या सिगारमधला तंबाखूही प्रक्रिया केलेलाच असतो. पण तिथं उरलेली कसर गोडी, सुगंध किंवा फळांचा स्वाद मिसळून भरून काढता येते. प्रीमियममध्ये ती पळवाट नसते.

या सगळ्याला कायद्याच्या भाषेत बसवायचा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तो वाचण्यासारखा आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं 2016 मध्ये सगळ्याच सिगार आपल्या नियमांखाली आणल्या. व्यावसायिक कोर्टात गेले आणि 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयानं प्रीमियम सिगारपुरता तो नियम रद्द केला. मग प्रीमियम म्हणायचं कशाला, हे सांगणं भाग होतं. त्या निकालातल्या अटी अशा: रॅपर अखंड तंबाखूच्या पानाचं हवं. बाइंडर शंभर टक्के पानाचा. फिलरच्या वजनाचा निदान निम्मा भाग लांबीभर जाणाऱ्या पानांचा. सिगार हातानं वळलेली हवी. कात्रीसारखी साधी हत्यारं चालतील, यंत्र नाही. फिल्टर किंवा तंबाखूखेरीज कशाचीही तोटी नको. तंबाखूखेरीज दुसरा ठळक स्वाद नको. आत फक्त तंबाखू, पाणी आणि वनस्पतिजन्य डिंक. आणि हजार सिगारचं वजन 6 पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे एक सिगार साधारण 2.7 ग्रॅमच्या वर.

या यादीत किंमत नाही. प्रशासनाच्या त्याच नियमाच्या 2014 च्या मसुद्यात एका पर्यायात ती होती: सिगारची किरकोळ किंमत निदान 10 डॉलर असावी, असं त्यात सुचवलं होतं. पुढे ती अट टिकली नाही, हे बरंच झालं. चुऱ्याची सिगार चकचकीत डबीत घालून महाग विकता येते, आणि मजुरी स्वस्त असलेल्या ठिकाणी अखंड पानांची, हातानं वळलेली सिगार बऱ्याच कमी दरात मिळू शकते. किंमत आणि बांधणी बहुतेकदा बरोबर चालतात, नेहमीच नाही.

गोंधळ होतो तो मधल्या मालानं. क्यूबाच्या होसे एल. पिएद्रा या सिगार पूर्णपणे हातानं वळलेल्या, पण आत तुकड्यांचा भरणा. उलट नेदरलँड्सच्या परंपरेतल्या बऱ्याच 'कोरड्या', म्हणजे ओलावा न जपता ठेवता येणाऱ्या, सिगार मशिनवर बनतात, तरी त्यात शंभर टक्के तंबाखू असू शकतो. वेष्टनावर '100% तंबाखू' लिहिलेलं दिसलं की लोक प्रीमियम समजतात. पण त्याचा अर्थ इतकाच की कागदी बाइंडर नाही. तिसरी जात आणखी फसवी: आतला गठ्ठा मशिनवर बांधायचा आणि फक्त रॅपर हातानं चढवायचं. तिलाही 'हातानं बनवलेली' म्हणून विकता येतं. म्हणून क्यूबाच्या खोक्यांवर 1989 पासून 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे पूर्णपणे हातानं, असा वेगळा शिक्का येऊ लागला. नुसतं 'एचो आ मानो', म्हणजे हातानं बनवलेली, असेल तर तेवढ्यावर भरवसा ठेवू नये.

नावावर जाऊन तर अजिबात चालत नाही. कोहिबाचं नाव क्यूबाच्या सर्वांत मानाच्या सिगारवर असतं आणि त्याच नावाच्या छोट्या मिनी आणि क्लब सिगारिलो मशिनवर तयार होतात. पट्टा एकच, बांधणी वेगळी.

क्यूबाची म्हणजेच प्रीमियम, हा समजही जुना झाला. 1962 मध्ये अमेरिकेनं क्यूबाशी व्यापार बंद केला. क्यूबाबाहेर पडलेल्या तंबाखू घराण्यांनी बियाणं आणि कसब दुसरीकडे नेलं. आज डॉमिनिकन प्रजासत्ताकातलं सांतियागो, निकाराग्वातलं एस्तेली आणि होंडुरासमधलं दानली ही हातानं वळलेल्या सिगारची मोठी केंद्रं आहेत.

रंग गडद म्हणजे सिगार कडक, हेही खरं नाही. गडद रॅपर अनेकदा जास्त काळ आंबवल्यामुळे काळं पडतं आणि चवीला गोडसर लागतं. कडकपणा मुख्यतः आतल्या लिगेरोवर ठरतो.

हातात घेऊन ओळखायचं तर आधी पेटवायचं टोक पाहावं. तिथं दुमडलेल्या पानांच्या वळ्या दिसल्या तर लाँग फिलर, बारीक तुकड्यांची रवाळ गर्दी दिसली तर शॉर्ट. मग बंद टोक. पानाची चकती चिकटवल्याच्या बारीक रेघा दिसल्या तर हाताचं काम असण्याची शक्यता जास्त. आधीच भोक पाडलेलं किंवा प्लॅस्टिकची तोटी लावलेली असेल तर प्रश्नच मिटला. ती कशी ठेवलीय हेही बघावं. प्रीमियम सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते, ती वाळली की रॅपर तडकतं. डबीत उघड्यावर महिनोन् महिने टिकणारा माल बहुधा मशिनचाच असतो, किंवा मग वर सांगितलेला कोरडा प्रकार.

एवढं सगळं वाचून प्रीमियम म्हणजे कमी अपायकारक असं कुणाला वाटलं तर ते चूक. न्यायालयाचा आक्षेप होता तो अशा सिगार ओढणाऱ्यांच्या सवयींबद्दलचा पुरावा प्रशासनानं नीट विचारात घेतला नाही, यावर. सिगार निरुपद्रवी आहे असं त्यानं म्हटलेलं नाही. मिसळलेला स्वाद नसला तरी जळणारा तंबाखू तोच. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न ओढताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. व्याख्येतली वजनाची अट किमान आहे, कमाल नाही. मोठ्या सिगार तिच्या कितीतरी पट जड असतात, आणि अशा एकाच सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटइतका तंबाखू असू शकतो.