काडीला आपलं बूड कसं कळतं?

बेळगावातल्या शहापुरात आमच्या शेजारच्या काकूंनी एका संध्याकाळी माझ्या कुंडीतल्या कार्नेशनचा एक शेंडा गुपचूप मोडून नेला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "मागून आणलेली काडी लागत नाही बघ. चोरूनच आणायची."

ही समजूत बेळगावपासून निपाणीपर्यंत घरोघरी आहे. झाडाला चोरी कळत नाही. पण मला वाटतं, चोरणारा नकळत बरोबर पद्धत वापरतो. घाईत तो बाजूचा कोवळा, कळी नसलेला शेंडा पेराजवळ मोडतो, तोही ऊन उतरल्यावर, आणि सुकायच्या आत मातीत खोचतो. मागणाऱ्याला मात्र आपण कौतुकाने फुलाचा लांब दांडा कापून देतो. त्या दांड्यातली साखर फूल ओढून घेतं, मुळांच्या वाट्याला फारशी उरत नाही.

मला स्वतःला भुरळ पडली आहे ती वेगळ्याच प्रश्नाची. मुळं खालच्याच टोकाला का फुटतात? हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली विलो नावाच्या झाडाच्या फांद्यांचे प्रयोग मांडले. फांदी उलटी टांगली तरी मुळं तिच्या मूळच्या बुडाकडच्या टोकालाच आली, म्हणजे वरच्या बाजूला! काडीला आपलं बूड ठाऊक असतं.

ही ओळख ऑक्झिन नावाच्या संप्रेरकामुळे होते. ते शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि पेशी-पेशीतून खाली सरकतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या काडीत सकाळी निघालेलं ऑक्झिन संध्याकाळी बुडाशी पोचतं.

ते खालीच का जातं? शाळेतलं आम्ल-अल्कली आठवा. पेशीभोवतीच्या भिंतीत सामू (म्हणजे पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ असतो, पेशीच्या आत सुमारे ७. ऑक्झिन हे सौम्य आम्ल आहे. भिंतीत त्याचे शंभरातले पंधराएक रेणू अखंड, विद्युतभार नसलेले असतात. असे रेणू पेशीच्या पटलातून सहज आत झिरपतात. आत गेले की हायड्रोजन सुटतो, रेणूवर ऋणभार येतो, आणि भार असलेल्या रेणूला तेलकट पटल ओलांडता येत नाही. अखंड रेणू आत शंभरात एकही उरत नाही. ऑक्झिन अडकलं! आता बाहेर पडायला दारच हवं. ती दारं म्हणजे 'पिन' नावाची प्रथिनं, आणि पेशी ती मुख्यतः आपल्या तळाच्या बाजूला बसवते. आत शिरणं कुठूनही, बाहेर पडणं फक्त खालून. अशा हजारो पेशींची रांग लागली की वाहतूक एकदिशा होते. ही दारं नसलेल्या एका झाडाचं खोड टाचणीसारखं बोडकं वाढतं, त्यावरून प्रथिनांना हे नाव पडलं.

आपण काडी मोडतो तेव्हा ही रांग तुटते. पुढे पेशीच नाहीत, म्हणून ऑक्झिन जखमेशी साठतं, आणि तिथल्या पेशी विभागून मुळांचे कोंब घडवू लागतात. दुकानातली मुळांची पावडर हेच काम वाढवते. तिच्यातलं इंडोल ब्युटिरिक आम्ल ऑक्झिनचंच भावंड, फक्त जास्त टिकाऊ. रीलमध्ये काडी बटाट्यात खोचतात. त्याची गरज नाही. बटाटा कुजतो आणि बुरशी सोबत आणतो.

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, दिवाळीनंतरच्या गार हवेत काम सोपं जातं. जून ते सप्टेंबरच्या पावसात बूड कुजतं. खालची पानं काढा, धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं घ्या, कुंडी सावलीत ठेवा. खानापूरची मातीची कुंडी जादा पाणी लवकर सोडते, मला तीच आवडते.

बाविसाव्या दिवशी काकूंनी काडी हलकेच उपटून दाखवली. कापलेल्या टोकातून पांढऱ्या मिशा लोंबत होत्या, बाजूने एकही नाही. कार्नेशनच्या खोडात सालीखाली कठीण तंतूंचं कडं असतं. आत जन्मलेल्या मुळाला ते फोडता येत नाही, म्हणून ते कड्याच्या आतूनच खाली उतरतं आणि मोडलेल्या तोंडातून बाहेर येतं. काकूंनी काडी पुन्हा लावली आणि दोन चमचे पाणी घातलं.