प्रणयरहस्य कादंबरीमाला (खानदेशसंदर्भ)

प्रेमकथा व रहस्यकथा ही दोन सूत्रे एकाच कथानकात अशी गुंफलेली, की एक सुटल्यावाचून दुसरे सुटत नाही, असा कादंबरीप्रकार. यातील प्रत्येक कादंबरी सुटी वाचता येते. परंतु एखादे घराणे, गाव, तपासपथक किंवा मित्रमंडळ समान ठेवून अनेक कादंबऱ्यांची माला ओवली जाते. एका पुस्तकात कडेला उभे असलेले पात्र, म्हणजे नायकाचा अबोल धाकटा भाऊ किंवा नायिकेची विधवा नणंद, पुढच्या पुस्तकात मध्यभागी येते. गुन्ह्याचा उलगडा त्या त्या पुस्तकात पुरा होतो. एखादे जुने वैर अथवा बेपत्ता माणूस मात्र मालेच्या अखेरपर्यंत राखून ठेवलेला असतो. ज्याच्यावर जीव जडला तोच गुन्हेगार असेल काय, हा नायिकेचा संशय या प्रकाराचा कणा होय. निव्वळ रहस्यकथेतून प्रेमप्रकरण वगळले तरी उलगडा बहुधा जागच्या जागी राहतो. येथे तो राहत नाही.

मराठीत या प्रकाराला एकच असे रूढ नाव नाही. वाचनालयांच्या कपाटांवर तो कधी ‘रहस्य’ तर कधी ‘सामाजिक’ या चिठ्ठीखाली लागतो. जुन्या समीक्षेतील ‘अद्भुतरम्य’ ही संज्ञा त्याला जवळची असली तरी बरीच व्यापक आहे. तीत राक्षस, शाप आणि तळघरेही येतात. प्रस्तुत नोंदीत ‘प्रणयरहस्य’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे.

उगमाविषयीची मते : या प्रकाराचे मूळ मराठीत कोठे शोधावे याबद्दल एकमत नाही. संस्कृत कथापरंपरेकडे बोट दाखवणारे अभ्यासक बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा दाखला देतात. कादंबरी हे साहित्यप्रकाराचे मराठी नावच त्या ग्रंथावरून आले आहे. त्यातील प्रणयाचा उलगडा पूर्वजन्मीच्या ओळखीवर अवलंबून असल्यामुळे प्रेम आणि रहस्य यांची सांगड तेथे आहेच. ‘वेताळपंचविशी’सारख्या साखळीकथा आणि १८६१ च्या सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणण्यास आरंभ केलेल्या अरबी सुरस गोष्टी यांमुळे वाचकाला कथेतून कथेत उतरण्याची सवय लागली, हेही मान्य करावे लागते. तथापि साखळीकथेत कथा सांगणारा तोच राहतो, पात्रे बदलतात. कादंबरीमालेत पात्रे टिकतात. हा फरक किरकोळ नाही.

दुसरे मत लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) आरंभ धरते. सद्गुणी नायिका, तिच्यावर कोसळणारी संकटे, दुष्टांची कारस्थाने आणि अखेरचे मीलन हा साचा तेथे तयार दिसतो. नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीची प्रस्तावना या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. हिंदूंची विवाहपद्धती आणि स्त्रीपुरुषांचे व्यवहार ठरीव असल्याने त्यांतून चित्तवेधक कथानक निघणे कठीण, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, अशा आशयाचे समर्थन रिसबूड करतात. लग्न वडीलधारे ठरवीत असताना दोन अनोळखी तरुणांना एकत्र आणायचे तर वादळ, दरोडा किंवा अपहरण हवे. रहस्य हे प्रणयाचे निमित्त कसे झाले, याचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण पुढच्या लेखकांनीही क्वचितच दिले आहे.

तिसरे मत इंग्रज कादंबरीकार जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–७९) याच्या प्रभावाला प्राधान्य देते. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) ही रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वर आधारलेली असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. १८४४ पासून साप्ताहिक अंकांतून निघालेली ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ ही रेनॉल्ड्सची प्रचंड माला वेगळी. ‘ओल्ड लंडन’ हे त्याच्या ‘डेज ऑफ होगार्थ’ या कादंबरीचे पर्यायी शीर्षक होय. ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ची प्रेरणा फ्रेंच लेखक यूजेन स्यू याच्या पॅरिसविषयक रहस्यमालेत (१८४२–४३) होती. आपट्यांनी सांगाडा तेथून घेतला, पण मजकूर पुण्यातील सुशिक्षितांच्या ढळत्या आचारांचा भरला. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या ‘आजकालच्या गोष्टी’ या समान शीर्षकाखाली निघाल्या. शिवाय ‘करमणूक’ (१८९०) या स्वतःच्या साप्ताहिकातून ते त्या क्रमशः छापीत. पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकाला धरून ठेवणे ही तेथे कलेइतकीच छापखान्याची गरज होती. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांचा आणखी उघड वापर केला.

प्रणय आणि संकट यांच्या जोडणीपुरते दुसरे मत पुरेसे आहे. मालारूपाचा विचार करता मात्र तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘मुक्तामाला’ एकटी आहे; तिला पुढचा भाग लागत नाही.

खानदेशाशी संबंध : या वादातील काही प्रमुख नावे खानदेशाशी निगडित आहेत. हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी पारोळे (आता जळगाव जिल्हा) येथे झाला. त्यांचे शिक्षण व लेखन मुंबई-पुण्याकडचे असल्याने केवळ जन्मगावावरून त्यांना खानदेशी कादंबरीकार म्हणणे ओढाताणीचे होईल, पारोळेकरांना ते कितीही आवडले तरी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ (१९०२) या निबंधात अद्भुत आणि वास्तव अशा दोन्ही पद्धतींचा ऊहापोह केला. त्यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यात होते आणि तेथेच १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे.

यावल तालुक्यातील सांगवी येथे जन्मलेले भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या आणि त्यांना तीन जुन्या कादंबऱ्यांची नावे दिली : वास्तववादी ‘यमुनापर्यटन’, अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आणि ऐतिहासिक ‘मोचनगड’; त्यांतील दुसरीला त्यांनी रंजनाच्या खात्यात टाकले. प्रणयरहस्याची सगळी परंपरा या विभागणीत त्याच खात्यात जाते. हा निवाडा आजही विद्यापीठांतून बराचसा प्रमाण मानला जातो. परंतु रंजनाच्या तंत्राचा स्वतंत्र विचार त्यामुळे मागे पडला, ही तक्रार अगदीच निराधार नाही. गंमत अशी, की एकाच नायकाला गावोगाव फिरवणाऱ्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ (१९७५–७९) या जोडकादंबऱ्यांनी मालारूप गंभीर लेखनातही पेलते, हे नेमाड्यांनीच दाखवून दिले. चांगदेव पाटलाच्या या चतुष्टयात रहस्य मात्र नाही.

विसाव्या शतकातील वाचन : बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) या रहस्यकथाकाराच्या हजाराहून अधिक पुस्तकांनी मालेतील स्थिर पात्रांची सवय घट्ट केली. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावे लेखकाच्या नावाआधी घेतली जात. झुंजार विवाहित असून पत्नी विजया त्याच्या साहसांत वावरते. प्रणय तेथे लग्नाआधी नसून लग्नानंतर आहे, आणि त्यामुळे संशयाऐवजी काळजी हा भाव पुढे येतो. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी अशा वेगवेगळ्या नायकांच्या स्वतंत्र माला लिहिल्या आणि प्रेमकादंबरीही हाताळली. दोन्ही प्रवाह एका लेखकात आढळण्याचे हे ठळक उदाहरण होय. निव्वळ शृंगारकथेची वाट निराळी होती. चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले.

ही पुस्तके वर्गणीच्या वाचनालयांतून आणि रेल्वेच्या पुस्तकविक्रेत्यांकडून फिरत. भुसावळ हे नागपूर आणि अलाहाबाद (आता प्रयागराज) यांकडील मार्ग फुटण्याचे मोठे जंक्शन. गाडीची वाट पाहण्याचा वेळ आणि शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक यांचे माप तेथे चांगले जमते.

स्थळ आणि बोली : तापी-गिरणेचे काळ्या मातीचे खोरे, सातपुड्यातील तोरणमाळ, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, चाळीसगावजवळचे पाटणादेवीचे रान ही स्थळे या प्रकाराला सोयीची आहेत. एकाकी वाडा इंग्रजी कथांतून आला. केळीच्या बागेतील रात्रीची पाणीपाळी आणि तिथल्या विहिरीवरची पंपाची खोली त्याची जागा सहज घेऊ शकते. बोलीचा प्रश्न अधिक अवघड आहे. जॉर्ज ग्रिअर्सन याच्या भारतीय भाषासर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशी बोली भिल्ल भाषांसोबत घातली गेली. पुढील अभ्यासकांनी ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारली नाही. शिवाय यावल-रावेरकडची लेवा गणबोली आणि धुळ्याकडची अहिराणी यांत फरक आहे. बहिणाबाई चौधरींची कविता लेवा गणबोलीतील, तरी ती सर्रास अहिराणी म्हणून सांगितली जाते. रहस्यकथेत हा फरक उपयोगी पडतो. ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ म्हणणारा आणि ‘आहे’ म्हणणारा यांची गावे वेगळी ठरतात, आणि ‘मना-तुना’ (माझा-तुझा) म्हणता म्हणता कोणी अचानक पुस्तकी मराठीवर आला, तर तो काही लपवतो आहे असा वाचकाला वास येतो.